भावकीत जुळणी होत नाही

१ जानेवारी २००३, बुधवार

रोजनिशी पुन्हा सुरू. गेल्या वर्षीची जानेवारीतच थांबली, पण त्यात माझा दोष नव्हता. पेन गळत होतं.

संकल्प: चहा निम्मा करायचा. सकाळी व्यायाम. आणि यापुढे कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. कंपनीत स्टोअरला होतो तेव्हा सगळ्यांचं ऐकलं. शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा कागद हातात दिला. इच्छा त्यांची होती, सही माझी.

आता स्वतःचं केंद्र आहे. ऋणानुबंध वधूवर सूचक केंद्र, नारायणगाव, एसटी स्टँडच्या मागे, पहिला मजला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत संगणकावर स्थळं जुळवणारं हे एकमेव केंद्र. मंचरला एक आहे म्हणतात, पण त्यांच्या संगणकावर कायम कव्हर असतं.

चहा चार झाले. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला लोक येतात, त्यांना एकट्याने प्यायला लावणं बरं दिसत नाही.

५ जानेवारी, रविवार

भाची इंद्रायणी पुण्याहून बोरीला आमच्या घरी आली. डॉक्टर आहे, पण पेशंट तपासत नाही. इतर डॉक्टरांनी तपासलेल्यांचे कागद तपासते. गुडघेदुखीवर आजवर जेवढ्या चाचण्या झाल्या, म्हणजे निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना ते, मग कुणाला गुण आला ते बघायचं, अशा सगळ्या चाचण्या गोळा करून एकत्र पडताळायच्या आणि मग खरा उपाय कोणता ते छापायचं, असं तिचं काम. त्यासाठी त्या संगणकावर नीट लावून हव्यात. पुण्यातला माणूस काम मध्येच टाकून गेला. तेव्हा आमची ताई तिला म्हणाली, मामाला दे, तो रिकामाच बसलेला असतो. मी उपलब्ध असतो, असं ताईला म्हणायचं होतं.

कागदांची दोन खोकी दिली. तासभर समजावून सांगत होती. एका चाचणीची एकच नोंद. डॉक्टर लोक एकाच चाचणीवर चार ठिकाणी लेख छापतात, ते चारही त्या एका नोंदीला जोडायचे. औषध बाधलं असेल तर तो रकाना वेगळा. मध्येच सोडून गेलेल्यांचा वेगळा. मी मान डोलावत होतो. आयुष्यभर स्टोअर लावलं, तीन वर्षं स्थळं लावतोय. मला लावालावी शिकवायची म्हणजे कमाल आहे.

आमची बायको सरू ओट्यावर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "एवढ्या कागदात माज्या गुडघ्याचं काय लिवलंय ते सांग." इंद्रायणी म्हणाली, मामी, मेपर्यंत थांबा, तेच तर शोधतोय.

सरूला मेच्या आतच हवंय. मेअखेर टोमॅटोची लागण. पलीकडचा प्लॉट तिचा आहे. जमीन माझ्या नावावर, पण प्लॉट तिचा, हे गावात कुणीही सांगेल. रोपापासून तोडणीपर्यंत ती बघते आणि मार्केटला क्रेटही तीच लावून घेते. यंदा उकिडवं बसता येईना, तेव्हा माझा धाकटा भाऊ रखमाजी म्हणाला, वहिनी, या साली निम्म्या वाट्याने मला द्या. सरू तीन दिवस कुणाशी बोलली नाही.

मी जाहीर केलं की लागणीच्या आत उपाय घरात आणतो. घरात संशोधन चालू असताना प्लॉट वाट्याने गेला तर लोक हसतील.

९ जानेवारी, गुरुवार

अनसला बोलावलं. बदरुद्दीनभाईंचा मुलगा. वडील लग्नपत्रिका छापतात, हा खाली कॉम्प्युटर क्लास चालवतो. केंद्राचा प्रोग्राम त्यानेच केलाय. म्हणाला, काका, या कामाला नवीन प्रोग्राम लागेल, आठ दिवस द्या.

दिले नाहीत. चालता प्रोग्राम असताना नवा कशाला? स्थळ म्हणजे चाचणी. आडनाव म्हणजे डॉक्टरचं आडनाव. गाव म्हणजे चाचणी झाली ते शहर. अपेक्षा म्हणजे औषध. उंचीच्या जागी पेशंटची संख्या टाकली. फक्त रास सोडली की प्रोग्राम पुढे सरकत नाही, म्हणून सगळ्या चाचण्यांना कन्या रास दिली.

अनस बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. कौतुक वाटलं असणार.

व्यायाम: जीप चुकली म्हणून बोरी फाट्यापर्यंत चाललो. धरला.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहिली अडचण आणि तिच्यावर मात, दोन्ही आज.

एकाच डॉक्टरचे दोन लेख जोडायला गेलो, तर संगणक टुंग करून म्हणाला: 'एकच भावकी. जुळणी होणार नाही.' हा नियम मीच घालून घेतलाय. एक आडनाव, एक गाव असेल तर दोन स्थळं एकमेकांना जोडायचीच नाहीत. या नियमामुळे गेल्या वर्षी दोन खोल्या भरतील एवढी माणसं माझ्या अंगावर यायची वाचली.

अनस म्हणाला, पाच मिनिटांत नियम काढतो. मी हात धरला. आज चाचण्यांसाठी काढला आणि उद्या चुकून काढलेलाच राहिला, तर चुलत भाऊबहिणींचं जुळवून बसेन आणि दोन्ही घरं जिन्यावर येतील. केंद्राची अब्रू आधी.

शिवाय विचार केल्यावर पटलं की संगणकाचंच बरोबर आहे. एका घरात चार मुली असल्या तर आपण चार स्थळं धरतो. एक धरत नाही. तेव्हा प्रत्येक लेखाची स्वतंत्र नोंद. अनस म्हणाला, पण काका, पेशंट तेच आहेत ना? मी म्हणालो, वऱ्हाडी तेच असतात, लग्नं वेगळी.

त्याला पटलं. खाली क्लासची मुलं हाका मारत होती म्हणून गेला.

२९ जानेवारी, बुधवार

लाइट नाही. काम नाही. चहा मोजला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वेग आलाय. इंद्रायणी म्हणाली होती, दोन खोक्यांतून वीसपंचवीस चाचण्या निघतील. माझ्याकडे साठीच्या पुढे गेल्या. पुण्याच्या माणसाला एवढ्या सापडल्या नसत्या. तिला फोनवर आकडा सांगितला नाही. एकदम दाखवायचा.

आज औषध बाधल्याचे रकाने घेतले. इथे इंद्रायणीची आणि माझी रीत वेगळी आहे. केंद्रात कुणाचा दोष आपण उघडा लिहीत नाही. मुलाला रातांधळेपणा असेल तर 'दिवसा अतिशय कामसू' असं लिहितो. बाकीचं पाहुणे घरी आल्यावर कळतंच. कागदावर दोष लिहिला की स्थळ जागच्या जागी मरतं.

नागपूरकडच्या डॉ. देवपुजारींच्या लाल-पिवळ्या कॅप्सूलची चाचणी घेतली. लेखात जळजळ, आंबट ढेकरा, चौघींना रक्ताची उलटी वगैरे सगळं मोकळेपणाने छापलंय. माणूस चांगला, पण व्यवहार नाही. मी लिहिलं: 'पचनाला थोडी सवय लागते.' मध्येच सोडून गेलेल्या बायकांच्या रकान्यात 'माहेरी' लिहिलं.

देवपुजारींचे एकूण सहा लेख. सहा नोंदी. सहाही ठिकाणी कॅप्सूलने गुण आला. एवढी भरभक्कम भावकी दुसऱ्या कुठल्या औषधाला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोक्याच्या तळाला व्यायामाची एक चाचणी सापडली. शेतात काम करणाऱ्या बायका, मांड्यांचे व्यायाम, रोज थोडा वेळ. गुण आला म्हणे. एकटीच चाचणी, मागे ना भाऊ ना चुलता. अशा स्थळाला आपण वरच्या पानावर घेत नाही. खाली टाकली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जिथे माहिती अपुरी आहे तिथे मूळ डॉक्टरांना पत्र लिहून विचारायचं, असं इंद्रायणीने सांगितलं होतं. नवीन पत्र कशाला टाइप करायचं? केंद्राचं छापील पत्र आहे. 'आपल्याकडील स्थळाविषयी अधिक तपशील कळवावा.' त्यातलं 'स्थळ' खोडून 'चाचणी' केलं आणि देवपुजारींना पाठवलं. खालचे प्रश्न तसेच राहिले, पण सुज्ञ माणूस समजून घेईल.

३ मार्च, सोमवार

देवपुजारींचं उत्तर आलं. स्वच्छ अक्षर. लिहितात, हे सहाही लेख एकाच चाचणीचे आहेत, पेशंट तेच आहेत, तरी कृपया ती एकच धरावी. पुढे लिहितात, आमचं घराणं शाकाहारी आहे, मात्र याचा गुडघ्याशी संबंध लक्षात आला नाही.

किती नम्र माणूस. सहा करून एकच केली म्हणतो. आमच्याकडे लोक एक करून सहा सांगतात. पत्र फाइलला लावलं आणि आकडा सहाच ठेवला. समोरचा संकोचाने कमी सांगतो म्हणून आपण त्याचं नुकसान करायचं नसतं.

१० मार्च, सोमवार

सरू आज चुलीपुढून उठताना भिंत धरून उभी राहिली. रखमाजी समोरच होता. त्याने प्लॉटकडे बघितलं. ते मला सहन झालं नाही.

संध्याकाळी संगणकावरचे छापील कागद घरी नेले आणि सरूला वाचून दाखवलं. सहा चाचण्या. सहाही वेळा कॅप्सूल. तिने विचारलं, "सहा येगळ्या डॉक्टरांनी बघितलं का?" मी म्हणालो, सहा वेळा बघितलं. डॉक्टर किती याला महत्त्व नाही.

तिने विचारलं, इंदूला एकदा फोन करायचा का. मी म्हणालो, इंदूला माहिती मीच पुरवतोय. उगमाला सोडून नळावर कशाला जायचं?

११ मार्च, मंगळवार

मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या. सकाळ-संध्याकाळ एक.

१६ मार्च, रविवार

विजय. सरू काठी न धरता प्लॉटपर्यंत गेली आणि आली. सरी कुठून पाडायची ते गड्याला दाखवून आली. रखमाजी बांधावर उभा होता, त्याला मी मुद्दाम हाक मारून विचारलं, काय म्हणतोस?

तो म्हणाला, बरं वाटलं, वहिनी चालली. एवढंच. पडलेली बाजू सांभाळून घेतली त्याने.

२४ मार्च, सोमवार

सरू म्हणते पोटात जळतंय. मढला तिच्या भावाकडे गेलो होतो, तिथल्या रश्श्याचा गुण. आमच्याकडे एवढं तिखट कुणी खात नाही. मी तसं तिच्या भावाला फोन करून सांगितलंही. त्याने फोन ठेवला. खरं बोलल्यावर असंच होतं.

२७ मार्च, गुरुवार

अजून जळतंय म्हणते. मढहून येऊन पाच दिवस झाले. मग चहा असेल. घरातला चहा बंद केला. तिचा.

३१ मार्च, सोमवार

सरू निम्मी भाकरी ठेवते. आज म्हणाली, त्या कॅप्सूलीनं तर व्हत नसंल ना, तुमच्या कॉम्प्युटरमधी बघा.

शंका आली की पुरावा बघायचा, ही माझी शिस्त. जीपने नारायणगावला गेलो, जिना चढलो, देवपुजारींच्या सहाही नोंदी काढल्या. सहाही ठिकाणी स्पष्ट लिहिलंय: 'पचनाला थोडी सवय लागते.' छापून नेलं आणि तिच्या हातात दिलं. म्हणालो, बघ, सहा ठिकाणी एकच मजकूर. याहून खात्री काय पाहिजे?

तिने कागद घेतला, चष्मा लावून वाचला आणि घडी करून डब्याखाली ठेवला. उद्यापासूनही कॅप्सूल दोन्ही वेळा.

२ एप्रिल, बुधवार

पाडवा. नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांवर गर्दी. गावोगावचे पुढारी आपापल्या जत्रेसाठी फड ठरवायला, सुपारी द्यायला आलेत. केंद्राच्या जिन्यावर माणूस नाही, पण काम थांबलं नाही. डेटाबेस पूर्ण. अनसकडून पहिलं पान रंगीत काढून घेतलं: 'गुडघेदुखी: समग्र सूची. संकलक चांगदेव.' इंद्रायणीला मेपर्यंत हवं होतं, एक महिना आधीच तयार.

सरूने गुढीला साखरेची गाठी बांधली आणि पुरणपोळी माझ्या ताटात वाढली. स्वतः घेतली नाही.

९ एप्रिल, बुधवार

सरूला दवाखान्यात ठेवलंय.

प्लॉटवर होती. ड्रिपच्या नळ्या टाकून घेत होती. रखमाजीने जीप थांबवून नारायणगावला आणली. मी केंद्रात होतो. खालून अनस धावत वर आला.

उलटी. त्यात रक्त.

१० एप्रिल, गुरुवार

डॉक्टर तरुण आहे. विचारलं, कोणती गोळी घेत होत्या. मी म्हणालो, कॅप्सूल, सहा चाचण्यांनी सिद्ध झालेली. तो म्हणाला, पोटाला जखम झालीय, रक्त चढवतोय, ही पुन्हा द्यायची नाही. मी म्हणालो, कागदपत्र आहेत. तो म्हणाला, काका, बाहेर बसा.

बाहेर बसलो. लहान दवाखान्यात जुनी माहिती असते, असं एकदा वाटलं. मग ते पुरेसं वाटलं नाही.

रखमाजी बाकावर बसून होता. त्याची बायको घरून भात घेऊन आली. प्लॉटचं कुणी काही काढलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

इंद्रायणी आली. आधी मामीकडे गेली. मग केंद्रात येऊन संगणक लावायला सांगितला.

मी रंगीत पान आधी पुढे केलं. तिने बाजूला ठेवलं. नोंदी बघत गेली. कन्या रास बघितली आणि पुढची नोंद काढली. मूळ कागद काढून मागत गेली, मी देत गेलो. देवपुजारींचं पत्र फाइलमध्ये दिसलं, ते तिने दोनदा वाचलं.

शेवटी म्हणाली, "मामा, सहा नाहीत. एकच आहे. आणि त्या एकीत चार बायकांना हेच झालं होतं. तुम्ही वाचलं होतं."

मी भावकीचा नियम समजावून सांगितला. केंद्राची रीत सांगितली. दोष उघडा लिहिला असता तर त्या कॅप्सूलला कुणी विचारलंही नसतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, हो. एवढंच म्हणाली, हो. आवाज चढवला नाही. चूक मोठी असती तर चढवला असता.

पण मग तिने चष्मा काढला आणि रुमाल शोधायला लागली. रुमाल पर्समध्ये होता आणि पर्स समोर होती. मी पाणी आणायला खाली गेलो.

१४ एप्रिल, सोमवार

अनसने नियम काढला. खरंच पाच मिनिटं लागली.

तो आणि इंद्रायणी दिवसभर बसून जोडत होते. मला चहा आणायला दोनदा पाठवलं. साठावर गेलेल्या चाचण्या संध्याकाळपर्यंत तेवीस उरल्या. माझ्या मते घाईत काही खरी स्थळंही गेली असणार. तसं म्हणालो. अनस म्हणाला, काका, इकडे लक्ष देऊ नका, काकूंकडे जा.

इंद्रायणीच्या सरांनी मुदत वाढवून दिली. सगळं पुन्हा करायचंय म्हणून. ती सरांना काय म्हणाली ते मी ऐकलं. डेटा एंट्रीत माझ्याकडून लक्ष द्यायचं राहिलं, म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. ही माझी बाजू राखली की मला वगळलं, ते कळत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

सरू घरी. बिनतिखटाची आमटी, भात. सहा आठवडे जपायचं. दुखणं थांबवणारी कुठलीही गोळी नाही. गुडघा परत होता तसा. किंबहुना जास्त, पण तसं ती म्हणत नाही.

डब्याखालचा घडी केलेला कागद कुणी काढला नव्हता. मी काढला. चुलीत टाकायचा होता, पण सरू बघत होती, म्हणून खिशात ठेवला.

इंद्रायणी जाताना मामीला पलंगावर झोपवून मांडीचे व्यायाम दाखवून गेली. तीच ती तळाची चाचणी. गुण यायला दोन-तीन महिने लागतात म्हणाली. लागण पाच आठवड्यांवर आहे.

११ मे, रविवार

लागण मी करणार. आज जाहीर केलं. स्टोअरमध्ये पंचवीस वर्षं वाकून काम केलेला माणूस आहे. रोप म्हणजे काय, छोटा स्पेअर पार्ट. मापाने खड्डा, मापाने अंतर. सरू म्हणाली, तुमाला नाय जमायचं. मी म्हणालो, बघच.

रखमाजीलाही सांगून ठेवलं की यंदा प्लॉट घरातच राहणार. तो म्हणाला, दादा, लागलं तर हाक मार. नाही मारणार.

२५ मे, रविवार

रोपवाटिकेतून ट्रे आले. दोन बायका लावल्या मजुरीने, तिसरा मी. सहा वाजता सुरुवात.

पहिली सरी अर्धी झाली. माझी रोपं इतरांपेक्षा सरळ होती, हे बायकांनी मान्य केलं. मग उठता येईना. कमरेतून कळ आली ती टाळूपर्यंत गेली. दोघींनी बगलेत धरून बांधावर बसवलं. सरू घरातून बघत होती. दुपारी रखमाजी आला. मी हाक मारली नव्हती. गड्याने मारली होती.

२७ मे, मंगळवार

सरूने प्लॉट रखमाजीला दिला. निम्म्या वाट्याने, या सालापुरता. ओट्यावर बसून, दोन वाक्यांत. पाणी कधी सोडायचं आणि बांधणीला सुतळी कुठली आणायची तेही सांगितलं. रखमाजी म्हणाला, वहिनी, तुम्ही बांधावर बसून सांगा, मी तसंच करतो. ती म्हणाली, बघू.

मग आत जाऊन झोपली. दुपारची वेळ. ती दुपारी कधी झोपत नाही.

व्यवहार म्हणून निर्णय योग्यच आहे. मीही हेच सुचवणार होतो. हे वाक्य लिहिलं आणि वाचलं. खोडायचं होतं, पण रोजनिशीत खाडाखोड बरी दिसत नाही.

८ जून, रविवार

इंद्रायणीचं पाकीट आलं. एकच कागद. औषध कुणाला बाधलं तर ते वर कळवायचा फॉर्म असतो. मामींचा भरून पाठवा, म्हणजे पुढे कुणाला तरी उपयोग होईल, असं लिहिलंय. काम मलाच दिलं. म्हणजे विश्वास उडालेला नाही. आणि हे सोपं काम आहे. पेशंट एक, नोंद एक, माणूस घरातलं. टेबल पुसून बसलो.

नाव लिहिलं. वय पन्नास लिहिलं, मग एकावन्न असेल असं वाटलं. वजन सोडलं. कोणता गुडघा, तिथे डावा लिहिलं. आधी कधी पोटाचा त्रास होता का? नव्हता. बहुतेक नव्हता. दुखणं कधीपासून आहे, इथे थांबलो.

फॉर्म सदोष आहे असं प्रथम वाटलं. घरच्या माणसांना असे प्रश्न विचारायचे नसतात. पण खाली माझी सही हवी होती, म्हणून उठलो.

सरू बांधावर बसली होती. रखमाजीने मजुरीने लावलेल्या बायका मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून नांग्या भरत होत्या. मी विचारलं, डावाच ना? ती म्हणाली, "दोन्ही." मग विचारलं, कधीपासून दुखतंय, तारीख लिहायचीय.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"दुखतंय लई वर्षं," ती म्हणाली. "तुमी इचारलं आज."

मग वळून एका बाईला सांगितलं की रोप फार खोल जातंय, वर घे. मी उभा राहिलो. ती आणखी काही सांगेल असं वाटलं होतं. तिने सरकून जागा केली, पण ती माझ्यासाठी की ट्रे ठेवायला, ते कळलं नाही.

घरात आलो. 'डावा' खोडून 'दोन्ही' केलं. तारखेचा रकाना मोकळा आहे.